पर्यायी उमेदवार

"ताई, तुम्ही तर जाऊनच राहिल्या तिकडे. मग हे बी घेऊन जा ना," दुर्गेशभाऊ म्हणाला आणि चपलेत पाय सरकवता सरकवता त्याने तो खाकी लिफाफा चंद्रकलाच्या हातात दिला. दळणाचा डबा द्यावा तसा दिला. मग तो बाहेर पडला. फाटकाशी ढोलताशा वाजला, चार गाड्या सुरू झाल्या, पारडीच्या देवळाकडे निघाल्या, आणि नंदनवन वस्तीतल्या त्याच्या मोठ्या घरात एकाएकी इतकी शांतता झाली की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू यायला लागला. चंद्रकला लिफाफा धरून तशीच उभी राहिली. कोणीतरी सोबत येईल असं तिला वाटलं होतं. निदान एखादा कार्यकर्ता, मोटारसायकलवर. सगळे भाऊसोबत गेले होते. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते आणि अकराच्या आत हा कागद सिव्हिल लाइन्सला कलेक्टर ऑफिसात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचायचा होता.

गोष्ट तशी लहान होती. लोकसभेचे अर्ज भरायची मुदत काल संपली. दुर्गेशभाऊ पक्षाचा उमेदवार. त्याच्या अर्जासोबतच्या शपथपत्रात पत्नीचा व्यवसाय हा रकाना कोरा राहून गेला होता. एकही रकाना कोरा चालत नाही, काही नसेल तर 'निरंक' तरी लिहावं लागतं. संध्याकाळी तशी नोटीस मिळाली, म्हणून आज सकाळीच नोटरीला घरी बोलावून नव्या स्टॅम्प पेपरवर सगळं पुन्हा टाइप केलं. नोटरीने विचारलं, मॅडमच्या पुढे काय लिहू? भाऊ फोनवर होता, त्याने हातानेच खूण केली, लिहा काहीतरी. दाराशी उभी असलेली त्याची बायको रीना हळूच म्हणाली, "मी ट्युशन घेते ना." नोटरीने ते ऐकलं की नाही कोण जाणे, त्याने 'गृहिणी' लिहिलं. चंद्रकलाने रीनाकडे पाहिलं. रीनाने चहाचे कप गोळा करायला घेतले.

आणि पक्षाचे वकील ओमप्रकाश, ते सकाळपासून कलेक्टर ऑफिसातच बसले होते, फोनच्या स्पीकरवरून म्हणाले होते, "भाऊ, अकराच्या आत पायजे बरं. एक मिनिट बी उशीर झाला का तुमचा अर्ज बाद. मग आपल्या चंद्रकलाताईच उमेदवार." खोलीतले सगळे हसले. दुर्गेशभाऊ हसला, नोटरी हसला. चंद्रकलाही हसली. हसताना तिला स्वतःचा आवाज जरा उशिरा ऐकू आला.

कारण ते खरंच होतं. पक्ष आपल्या उमेदवारासोबत आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतो, पर्यायी म्हणून. मुख्य अर्ज बाद झाला तर पर्यायी उभा. मुख्य अर्ज वैध ठरला की पर्यायी आपोआप बाद. चंद्रकला बारापात्रे, वय सत्तावन्न, राहणार तांडापेठ, ही पर्यायी होती. यंदा तिसऱ्यांदा. आधी दोनदा जुने उमेदवार रामाजीभाऊंची, आता त्यांच्या जागी आलेल्या दुर्गेशभाऊची.

ऑटोत बसल्यावर तिने लिफाफा मांडीवर ठेवला, मग वाऱ्याने उडेल म्हणून पर्समध्ये घातला, मग मुडपेल म्हणून पुन्हा काढला. होळी होऊन तीनच दिवस झाले होते. रस्त्याच्या कडेला अजून गुलाबी डाग होते आणि ऊन मात्र सकाळीच टोचायला लागलं होतं. सक्करदऱ्याच्या चौकात सिग्नल लागला. पलीकडच्या फलकावर दुर्गेशभाऊचा हात जोडलेला फोटो, त्याच्या वर दिल्लीचे नेते, खाली ओळीने गोल गोल चेहरे. तिने सवयीने आपला शोधला. उजवीकडून तिसरा. दहा वर्षांपूर्वीचा फोटो, केस काळे. त्या गोलातली बाई तिच्याकडे अशी पाहत होती की जणू काही विचारायचंय. सिग्नल सुटला, ऑटो हलला, आणि त्या हिसक्यातच तिच्या मनात ते आलं. हे माझ्या हातात आहे. एवढंच. पुढचं वाक्य आलं नाही. पण लहानपणी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसताना खोल वाटायचं, तसं एकदम वाटलं.

तो माग तांडापेठेतल्या घराच्या पुढच्याच खोलीत होता. बाप विणायचा, आई देवकी कांड्यांवर सूत भरायची, ताण्याचे उभे धागे सरळ करायची, त्यांना खळ लावायची, तुटलेला धागा अंधारातही बोटांनी जुळवायची. कोणी विचारलं की घरात विणकर किती, तर आईच सांगायची, एक. सरकारी ओळखपत्र आलं तेही एकच आलं, बापाच्या फोटोचं. चंद्रकलाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पुढे ती पक्षात आली तेव्हाही नव्हतं वाटलं. लग्नानंतर तीन वर्षांनी वस्तीतल्या नळासाठी बायकांचा मोर्चा नेला, रामाजीभाऊंनी पाहिलं, म्हणाले, बाईच्या आवाजात दम आहे. तेव्हापासून एकतीस वर्षं. मतदार याद्या, स्लिपा, बूथ, सभेला बायका आणणं, त्यांना पाणी आणि परतायला गाड्या मिळाल्या का पाहणं, मतमोजणीच्या दिवशी उपाशी बसणं. दुर्गेश पहिल्यांदा आला तेव्हा कॉलेजात होता. बूथवर कसं बसायचं, कोणाला कधी फोन करायचा, हे तिनेच त्याला शिकवलं. ती त्याला अरे दुर्गेश म्हणायची. तो भाऊ कधी झाला? त्याला कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं. एका सभेत ती सूत्रसंचालन करत होती आणि तोंडातून आपोआप निघालं, 'आता आपले दुर्गेशभाऊ दोन शब्द बोलतील', आणि परत मागे जाता आलं नाही.

मध्ये पाच वर्षं ती नगरसेविका होती. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून. जागेश्वर, तिचा नवरा, हिंगण्याच्या कंपनीत पाळीवर जायचा. तो कधी तिच्या ऑफिसात येऊन बसला नाही, तरी लोक त्याला बसथांब्यावर गाठायचे, साहेब, आमच्या गटाराचं पाहा ना. तो म्हणायचा, बाईले सांगा, मले काही समजत नाही. चांगला माणूस. तिने तीन रस्ते केले, एक वाचनालय केलं, महापालिकेत उभं राहून बोलायला शिकली. आधी कागदावरून वाचायची, मग कागदाशिवाय. आणि आता कुठे आपल्याला हे जमतं आहे असं वाटायला लागलं तोच पाच वर्षं संपली, आरक्षण दुसऱ्या वॉर्डात गेलं, वॉर्ड खुला झाला आणि तिकीट दुर्गेशला मिळालं. रामाजीभाऊ म्हणाले, "खुल्या जागेवर बाई कशी टिकन वं? तुह्यासाठी पाहू ना दुसरं काही." दुसरं काही म्हणजे हे. पहिल्यांदा पर्यायी म्हणून नाव दिलं तेव्हा ते म्हणाले होते, "तुह्यावर भरोसा आहे, म्हणून. दुसरा कोणी ठेवला का त्याच्या डोक्यात हवा जाते." तिला ते किती आवडलं होतं. घरी येऊन तिने जागेश्वरला दोनदा सांगितलं होतं.

"भाऊ, थांबा इथं जरा," ती म्हणाली.

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. आकाशवाणी चौक अजून पुढे होता, कलेक्टर ऑफिस त्याच्याही पुढे. "इथंच उतरता का?"

"हो. इथंच."

रस्त्याकडेला कडुनिंबाखाली उसाच्या रसाची गाडी होती. गाडीवरची बाई घुंगरांचं चाक फिरवत होती. बाजूला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. चंद्रकला एका खुर्चीत बसली. मोबाईलमध्ये दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. इथून चालत गेलं तरी दहा मिनिटं. तिने रस मागवला. लिंबू टाकू का, बाईने विचारलं. टाका, ती म्हणाली. ग्लास हातात आला, थंड, आणि तिने तो तसाच धरून ठेवला.

मी तहान लागली म्हणून बसली आहे, तिने स्वतःला सांगितलं. मग स्वतःलाच ते खोटं वाटलं. लिफाफा मांडीवर होता. अकरा वाजून एक मिनिट झालं तर. एवढंच करायचं होतं, काहीच न करणं. रस्त्यात गर्दी होती म्हणता येईल. चक्कर आली म्हणता येईल, सत्तावन्न वर्षांच्या बाईला उन्हात चक्कर येते. दुर्गेशभाऊ पारडीच्या देवळात, नवा स्टॅम्प पेपर, नोटरी, सही, काहीच वेळेत होणार नाही. मग मशीनवर नाव येईल. चंद्रकला जागेश्वर बारापात्रे, नावासमोर फोटो, फोटोसमोर चिन्ह. ज्या चिन्हासाठी तिने एकतीस वर्षं भिंती रंगवून घेतल्या ते चिन्ह. तिला एकदम दिसलं, ती दिल्लीत उभी आहे. दिल्ली म्हणजे तिने पाहिलेली तेवढीच. गेल्या वर्षी महिलांच्या आरक्षणाचा कायदा झाला तेव्हा पक्षाने विदर्भातून बायका नेल्या होत्या. सगळ्यांना एका रंगाच्या साड्या. आत जायचे पास थोडे होते, ते पुढच्यांना मिळाले. बाकीच्यांनी लांबून, लोखंडी कठड्याच्या अलीकडून, संसदेची ती तिकोनी नवी इमारत पाहिली आणि फोटो काढले. रात्रीच्या गाडीने परतताना पेढ्याचे खोके फिरले. कामठीची एक बाई रडली होती आनंदाने. घरी आल्यावर चंद्रकलाची मुलगी भूमिका, मिहानच्या एका कंपनीत काम करते ती, मोबाईलवर वाचून म्हणाली, "आई, हे आधी जनगणना होईन, मग मतदारसंघांची नवी आखणी होईन, मग लागू होईन. आताच नाही." तोवर आपलं वय किती होईल ते चंद्रकलाने मनातल्या मनात मोजलं. बासष्ट. कदाचित सदुसष्ट. तेव्हा नवी मुलं म्हणतील, ताईंचा अनुभव मोठा आहे, ताईंना मंचावर बसवा.

दहा वाजून सत्तावीस.

मला बोलता येतं, ती स्वतःशी म्हणाली. ओठ हलले असावेत, कारण रसवाल्या बाईने वळून पाहिलं. मला या शहरातली कोणती गल्ली कुठे वळते ते माहीत आहे. कोणत्या घरात कोण मेलं, कोणाची पोर नर्सिंग शिकते, कुठे पाणी येत नाही. तिकडे उभं राहून विणकरांच्या बायकांबद्दल बोलायचं झालं तर मला कोणी लिहून द्यावं लागणार नाही. आणि लगेच दुसरा आवाज, तो रामाजीभाऊंचा होता की तिचाच, कळेना: पण तुला कोणी तिकीट दिलं का? चोरून मिळालेल्या नावाला काय म्हणतील? पाहा, बाईवर भरोसा टाकला. मग पुढे कोणत्याही बाईच्या हातात कोणी लिफाफा देणार नाही. या विचाराने तिला हसू आलं. म्हणजे मी एकटी बेइमान झाली तर सगळ्या बायका बेइमान. आणि दुर्गेश मध्यंतरी तीन पक्ष फिरून परत आला, तेव्हा सगळे पुरुष काही नाही झाले.

तिच्या लक्षात आलं की ती मोबाईलकडे पाहते आहे. वेळेसाठी नाही. ती वाट पाहत होती. इतक्या वेळात कोणाचा तरी फोन यायला हवा होता. कुठपर्यंत पोचल्या ताई? दुर्गेशभाऊ देवळातून बाहेर पडताना एकदम दचकून म्हणायला हवा होता, अरे, कागद कोणाच्या हातात दिला आपण? जिला त्याचा फायदा आहे तिच्याच हातात? ओमप्रकाश वकील तर हुशार माणूस, त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. एखादा पोरगा मागे पाठवायला हवा होता, नजर ठेवायला. तिने चौकाकडे पाहिलंसुद्धा. मोटारसायकली येत होत्या, जात होत्या. कोणी तिच्यासाठी नव्हतं. एकतीस वर्षं जो भरोसा ती जपत आली होती तो हाच होता का? घरातल्या कपाटावर टाकतात तेवढा? कपाट काही पळून जात नाही, कपाटाला काही पाहिजे नसतं. या बाईलाही काही पाहिजे असेल हे त्या घरातल्या एकाच्याही मनाला शिवलं नव्हतं. शिवलं असतं तर ते हसले नसते. तिने ग्लासातला रस प्यायचा प्रयत्न केला. तो कोमट झाला होता.

फोन वाजला तेव्हा दहा वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती. ओमप्रकाश वकील. तिने ग्लास खाली ठेवला आणि फोन उचलला. आता विचारतील. विचारलं की मी काय सांगू? खरं सांगीन, तिने ठरवलं. सांगीन, की मी बसली आहे इथे, विचार करून राहिली.

"हां ताई," वकील घाईत म्हणाले, "तिथं जवळपास स्टेशनरीचं दुकान दिसते का? येता येता स्टेपलरच्या पिना घेऊन या ना. इथल्या संपल्या."

"पिना," ती म्हणाली.

"हो, लहानवाल्या. एक डबी बस झाली." आणि फोन बंद झाला.

ती उठली. रसवाल्या बाईला पैसे दिले. चौकाच्या कोपऱ्यावर झेरॉक्सच्या दुकानात लहान पिना मिळाल्या, आणि डबी पर्समध्ये टाकून ती चालायला लागली. पाय आपोआप भराभर पडत होते. पुढे पुष्कळदा तिने त्या चालण्याचा विचार केला. आपण ठरवलं कधी? ठरवल्याचं तिला आठवेना. पिना आणायला सांगितलं आणि पिना आणल्या. कागद पोचवायला सांगितला आणि पोचवला. दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी लिफाफा वकिलांच्या हातात गेला, तिथून अधिकाऱ्याच्या टेबलावर. कारकुनाने शिक्का मारला, वेळ लिहिली.

अकराला छाननी सुरू झाली. लांब टेबल, पंखे, उमेदवार आणि त्यांचे सूचक, एका भिंतीशी पोलीस. तीसेक माणसांत तीन बायका होत्या. एक अपक्ष म्हणून अर्ज भरलेली तरुण मुलगी, हातात फाइल घट्ट धरून बसलेली, दुसरी कर्मचारी, तिसरी चंद्रकला. दुर्गेशभाऊचा अर्ज आला. विरोधी वकिलाने जुन्या शपथपत्रावर हरकत घेतली, ओमप्रकाशनी नवं दाखवलं, अधिकाऱ्याने पान उलटून पाहिलं, व्यवसाय, पत्नी, गृहिणी, ठीक आहे. वैध. मग तिचा. अधिकारी बाई नव्हत्या, पुरुष होते, पण आवाज मऊ होता. त्यांनी तिचं पूर्ण नाव वाचलं, सावकाश, कुठेही न अडखळता, आणि त्या आवाजात ते नाव तिला फार चांगलं वाटलं. "पक्षाच्या मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरल्याने, अवैध." त्यांनी वर पाहिलं. "ताई, इथे सही करा." तिने सही केली. तिच्या शपथपत्राची प्रत वरच होती. व्यवसाय, स्वतः: गृहिणी. हे वकिलांनी भरलं होतं. तिने वाचूनच सही केली होती, दोनच दिवसांपूर्वी.

दुपारी दुर्गेशभाऊ हारतुऱ्यांसह आला. व्हरांड्यात सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला. "ताई, तुम्ही होत्या म्हणून," तो म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता, हे तिला दिसत होतं. त्याच्या कपाळावर देवळातलं कुंकू होतं.

ती म्हणाली, "भाऊ, मी रस्त्यात थांबली होती. वीस-पंचवीस मिनिटं. रसाच्या गाडीवर."

तो हसला. "मग ऊनच किती आहे ना ताई. जीव सांभाळत जा तुम्ही." आणि तिच्या खांद्यावरून कोणाला तरी हाक मारून, "संध्याकाळच्या सभेले बायका किती येऊन राहिल्या ते ताईले विचारून घे गा," असं सांगून पुढे गेला.

ती घरी आली तेव्हा दोन वाजून गेले होते. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दुपारचा स्वयंपाक जागेश्वर करायचा. त्याने ताट वाढलं, समोर बसला. खिडकीतून शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट येत होता. वस्तीत एवढंच एक उरलं होतं.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. बाद."

त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तिने वरणभात कालवला, घास घेतला नाही, आणि मग ताटाकडे पाहत सगळं सांगितलं. लिफाफा, ऑटो, कडुनिंब, घड्याळ. पिना सांगितल्या. सांगताना तिला वाटत होतं, तो म्हणेल, बरं केलं पोचवला, उगीच बदनामी झाली असती. तो तसाच होता, भिडस्त, कोणाच्या अध्यात न मध्यात. त्याने चटणीची वाटी तिच्या ताटाजवळ ठेवली. मग म्हणाला, "अजून अठरा-वीस मिनिटं थांबाले पायजे होतं वं."

तिने मान वर केली. तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"दर वेळी वाटते मले," तो म्हणाला. "तिन्ही वेळा. सकाळी तू गेली का मी रेडिओ लावून बसतो. का बा, काही झालं तर. पण मी काहून बोलू म्हटलं, तुले राग येईन. तू त्या लोकायची."

पॉवरलूम चालू होतं. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाच्या मनात असं काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकदा आल्यावर ते थांबेना. पदर तोंडाशी धरून ती तशीच उष्ट्या हाताने बसून राहिली.

"थांबली असती मी," ती मग म्हणाली. "मले वाटलं, कोणी तरी घाबरून फोन करन. कोणाले माह्यं भेवच नाही वाटलं."

जागेश्वर उठला. त्याने तिच्या ताटातला गार भात काढून घेतला आणि पातेल्यातला गरम वाढला.